ताई बारीक झाल्या त्या वर्षी

मी ब्लाउज शिवते. नाशिकच्या द्वारका चौकापासून दहा मिनिटांवर आमची बिल्डिंग आहे, तिथं तिसऱ्या मजल्यावर गॅलरी बंद करून मी मशीन टाकलंय. आसपासच्या चार-पाच बिल्डिंगमधल्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत. कोणाचं अंग कधी सुटलं, कधी उतरलं, हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. आणि माझ्याच घरात माझ्या मोठ्या जाऊबाईंचं काय होतंय ते मला कळलं नाही. खरं तर हेही खोटं आहे. कळलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या सटाण्याकडच्या, आमचं सासरचं गावही तिकडचंच. सासूबाईंनी त्यांना पसंत केलं ते अंगाकडे बघून. हे सासूबाई स्वतःच कौतुकानं सांगायच्या, "दारात उभी राहिली की दार भरलं पायजे, तशी सून हवी होती मला." ताई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, उंच, रुंद खांद्यांच्या, भरल्या दंडांच्या. गावात त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नव्हतं, खात्यापित्या घरची म्हणत. पहाटेपासून विहिरीचं पाणी, गोठा, मग शेतात कांदा. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या तर कुणी मोजत नव्हतं.

चार वर्षांनी मी त्या घरात आले. मी नाशिकमध्ये वाढलेली आणि अंगानं काडी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शेजारणीसमोर म्हटलं, "हिला वारं उचलून न्यायची भीती हाय." सहा महिने रोज सकाळी माझ्या हातावर डिंकाचा लाडू. मला तो गिळवायचा नाही. सासूबाईंची पाठ वळली की ताई तो माझ्या हातातून घ्यायच्या आणि दोन घासांत संपवायच्या. आम्ही दोघी हसायचो. त्या घरात तेव्हा बारीक असणं हा दोष होता, आणि तो माझा होता.

मग आम्ही सगळे नाशिकला आलो. मोठ्या दिरांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं, शेती वाट्यानं दिली, एकमेकांना लागून असलेले दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली. विहीर गेली, गोठा गेला. पाणी नळाला, कपडे मशीनमध्ये, खाली जायला लिफ्ट. पहाटे चारला उठणाऱ्या ताई दिवसभर चार खोल्यांत फिरू लागल्या. पण घराचं खाणं होतं तेच राहिलं, उलट वाढलं. मुलांना संध्याकाळी वेगळं काहीतरी लागायचं. पुरुष दुकान बंद करून दहाला यायचे, साडेदहाला जेवायचे. आम्ही बायका त्यांच्यानंतर. म्हणजे अकरा वाजता समोर काय असायचं? तीन पोळ्या, अर्धी वाटी भाजी, मुलांनी टाकलेला भात, दुपारचं वरण.

सासूबाईंनी लहानपणी दुष्काळ काढलाय. अन्न टाकलेलं त्यांना बघवत नाही, हे मी समजू शकते. पण न टाकलेलं अन्न जायचं कुठं, तर ताईंच्या पोटात. "एवढंच राहिलंय, संपव गं," असं म्हणून पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं जायचं. माझ्यापुढं नाही. मला अॅसिडिटी होते असं सांगून मी उठून जायचे. मी शहरातली होते, शिवणाचं काम करत होते, मला उठता येत होतं. ताईंना येत नव्हतं, आणि त्यांना येत नाही म्हणून मला येत होतं. हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा मी शांतपणे हात धुवून झोपायला जात होते.

आठ-दहा वर्षांत ताईंचं अंग सुटलं. आणि ज्या अंगावर घर खूश होतं त्याच अंगाची घराला लाज वाटू लागली. मोठे दीर लग्नाकार्यात गाडीत बसताना सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्यासाठी दोन सीट धरा." लोक हसायचे, ताईही हसायच्या. लिफ्टमध्ये शेजारीण म्हणायची, "ताई, आधी तुम्ही जाऊन या, मग आम्ही." सासूबाई संध्याकाळी सहाला म्हणायच्या, "जरा तोंडावर ताबा ठेव," आणि रात्री अकराला पातेलं सरकवायच्या. एकाच तोंडानं, एकाच दिवशी. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं.

आमचे घरचे डॉक्टर तर ताई आत आल्या की आधी वजनकाट्याकडे बोट करायचे. गुडघा दुखतो, वजन कमी करा. सर्दी झाली, वजन कमी करा. कानात दडा बसला होता तेव्हाही त्यांनी वजनाचं काढलं. मी बरोबर होते. ताई काट्यावरून उतरताना पदर सावरत म्हणाल्या, "कानाचं वजन करता का डॉक्टर?" मी हसले. डॉक्टर हसले नाहीत.

ताईंनी एकदा प्रयत्न केला. त्यांच्या मुलीनं बूट आणून दिले. साडीवर बूट घालून त्या सकाळी सहाला जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, थंडी आहे. खूप नंतर कळलं की रोज बाकावर बसणारे दोन मध्यमवयीन गृहस्थ त्यांच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले होते, "आता ट्रॅक नव्यानं बांधावा लागेल महापालिकेला." दोघंही स्वेटर, कानटोपी घातलेले, चांगल्या घरातले. त्यातल्या एकाचं पोट स्वेटरमधून बाहेर आलं होतं, असं ताई म्हणाल्या. बूट माळ्यावर गेले.

मग ते वर्ष आलं. दिवाळीनंतर ताई माझ्याकडे ब्लाउज घेऊन आल्या, "जरा ढिला होतोय गं, बाजूनं शिलाई मार." मी दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच मारला. महिनाभरानं पुन्हा मारला. मकरसंक्रांतीच्या आधी तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मी टेप घेतला. छाती बेचाळीसची अडतीस झाली होती. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "ताई, काय जादू केलीत?" त्या लाजल्या. "रात्रीचं जेवत नाही फारसं. जातच नाही." माप घेताना दंडाला हात लागला तर अंग कोमट लागलं. मी म्हटलं, "अंग गरम लागतंय तुमचं." त्या म्हणाल्या, "ओट्यापाशी होते." संध्याकाळचे सात वाजले होते, त्या तासभर माझ्या गॅलरीत उघड्या खिडकीशी गार वाऱ्यात बसल्या होत्या. मी ते ऐकलं आणि पुढच्या टाचण्या लावल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू बिल्डिंगच्या गच्चीवर झालं. पन्नासेक बायका. सेक्रेटरींच्या बायकोनं सगळ्यांसमोर ताईंना पुढं बोलावलं, पाण्याची बाटली बक्षीस दिली आणि म्हणाली, "आपल्या सगळ्यांसाठी इन्स्पिरेशन! ताई, सीक्रेट सांगा." ताई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या गच्चीवर त्यांना कुणी दोन वाक्यं बोलायला सांगितलं नव्हतं. "काही नाही, थोडं कमी खाते," एवढंच म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवत होते, आणि शेजारच्या दोघींना सांगत होते की बघा, आमच्या ताईंचे ब्लाउज मी तीनदा फिट केले. मोठ्या दिरांनी त्या रात्री फोनमधला फोटो बघून म्हटलं, "आता बरोबर न्यायला हरकत नाही." त्यांना वाटलं ते कौतुक करतायत.

होळीच्या सुमाराला ताई पोट दुखतं म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि चेहरा खुलला. "अरे वा! शाब्बास! हे चालू ठेवा, अजून पाच-सहा किलो." पोटाचं म्हटलं तर, उपाशी राहिल्यानं अॅसिडिटी होते, असं सांगून गोळ्या दिल्या. पोटाला हात लावून बघितलं नाही. मी तिथं खुर्चीवर बसले होते, मलाही ते खटकलं नाही. काटा खाली आला म्हणजे सगळं बरं आहे, हे आम्हा तिघांनाही इतकं पक्कं ठाऊक होतं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ताई पुरण शिजवत होत्या. मी मशीनवर होते. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ताई ओट्याला टेकून खाली बसलेल्या, उलटी झालेली, तोंड पांढरंफटक. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. मी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि पलंगावर नेलं. मी. जिला पाण्याच्या दोन बादल्या एकदम उचलता येत नव्हत्या म्हणून सासूबाई नावं ठेवायच्या, तिनं त्यांना एकटीनं उचललं. पलंगावर ठेवताना मला कळलं की माझ्या हातात ताईंचं काहीच उरलेलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, दिवसभर उभी राहून पाय सुजलेली. तिनं ताईंचं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "वजन कमी झालंय का?"

"हो," मी म्हटलं. अजूनही माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा.

"किती महिन्यांत?"

"चार-पाच."

"मुद्दाम केलं? डाएट, व्यायाम, काही?"

ताईंनी मान हलवली. नाही.

"संध्याकाळी ताप येतो?"

"कणकण असते," ताई म्हणाल्या.

ती आमच्याकडे वळली. आम्ही चार जण पलंगाभोवती उभे होतो, मोठे दीर, आमचे हे, सासूबाई आणि मी. "एवढं वजन गेलं, तुम्हाला कुणाला काही वाटलं नाही?"

काय सांगणार होतो? की आम्ही टाळ्या वाजवल्या?

पोटाचा टीबी निघाला. आतड्याला झाला होता. खोकला नाही म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही, असं नंतर सगळे एकमेकांना सांगू लागले. खोकल्याचं कारण पुढं करायला बरं होतं.

वॉर्डमध्ये एका दुपारी मी ताईंजवळ बसले होते. त्या छताकडे बघत बोलल्या, "दुखत तर दिवाळीपासून होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सगळे चांगलं म्हणायला लागले होते ना." त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "वाटलं, सांगितलं तर औषध देतील. मग परत भूक लागेल."

हे वाक्य मी आजही शिवता शिवता ऐकते आणि पायाखालचं मशीन थांबतं. एका बाईला पोटात कळा येत होत्या, आणि त्या बऱ्या होतील याची तिला भीती वाटत होती. कुणी केलं हे? कुणा एकट्यानं केलं असतं तर मी त्याचं नाव घेऊन मोकळी झाले असते.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी व्हायची, पहिल्या दिवशी ताई घाबरून मला हाका मारत बाहेर आल्या. डॉक्टरणीनं बजावलं होतं, वेळेवर आणि पोटभर जेवायचं, अंडी, शेंगदाणे, डाळ, जे जाईल ते. सासूबाईंनी वेगळंच बजावलं, "टीबीचं कुठं बोलायचं नाय. घरात लग्नाची पोर हाय." विचारलं तर अल्सर झाला होता म्हणायचं. लठ्ठपणा चारचौघांत बोलून दाखवायचा, आणि आजार लपवायचा.

हळूहळू वजन भरू लागलं. सरकारी दवाखान्यात काटा दोन किलो वर गेला तेव्हा ती डॉक्टरीण हसली. ताई घरी येऊन मला म्हणाल्या, "वाढलं म्हणून हसली गं ती." त्यांना ते खरंच वाटत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. लिफ्टमध्ये सेक्रेटरींची बायको होती. तिनं ताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगंबाई, परत वाढलं की हो! मेन्टेन नाही केलंत?"

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी पिशवी खाली टाकली. "टीबी झाला होता त्यांना," मी म्हटलं. "मरत होत्या. तुम्ही मरणाला बाटली दिलीत बक्षीस. आता जगल्यात तर तुम्हाला बघवत नाही?" अजूनही काय काय बोलले. तिसरा मजला आला, दार उघडलं, मी बोलतच होते, दार पुन्हा बंद झालं. ती बाई एका कोपऱ्यात पर्स छातीशी धरून उभी होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. सासूबाई माझ्यावर एवढ्या कधी ओरडल्या नव्हत्या. मोठ्या दिरांनी ताट बाजूला सारलं. पाच-सहा बायकांनी शिवायला दिलेलं कापड तसंच परत नेलं. त्या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं, ताई तरी माझ्या बाजूनं असतील.

दुसऱ्या दिवशी त्या गॅलरीत आल्या. बसल्या नाहीत. "माझा आजार तू कुणाला विचारून सांगितलास?"

"ताई, ती बाई काय बोलली ते..."

"ती बोलली. ती नेहमीच बोलते. तू काय वेगळी होतीस? टाळी कुणी वाजवली? तीनदा ब्लाउज कुणी मारला? अंग गरम आहे म्हणालीस आणि टाचण्या लावल्यास. मी बघत होते तुझ्याकडे. म्हटलं, आता विचारेल, आता विचारेल."

मी टेप गुंडाळत राहिले. "आणि रात्री तुझं पोट दुखायचं ना," त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, दुखत नाही ते." त्या गेल्या. पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ते पंधरा दिवस मी भोगले आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर ताईंच्या भाचीचं सटाण्याला लग्न निघालं. त्यांनीच मला म्हटलं, चल बरोबर. मांडवात त्यांच्या काकूंनी त्यांना बघितलं, दोन्ही हातांनी गाल धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय व माय, कितली वाळी गयी तू! नाशिकले जेवाले देतस नही का तुले?" नाशिकमध्ये जे अंग परत वाढलं होतं तेच सटाण्यात वाळून गेलं होतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांनी आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं, पोरीला सासरी जाच आहे. त्यांनी ताटात आणखी दोन जिलब्या वाढल्या.

परत आल्यावर ताईंनी घरात सांगून टाकलं की त्या आठ वाजता जेवणार. मोठे दीर म्हणाले, "आमच्या आधी?" ताई म्हणाल्या, "हो, गरम असताना." पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, मीही माझं घेऊन शेजारी बसले. सासूबाई हॉलमधून बघत राहिल्या. त्या अजूनही पुरुषांनंतर, साडेदहानंतरच जेवतात. आमच्याशी त्यावरून धुसफुसतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "आई, बसा ना आमच्याबरोबर." त्या म्हणाल्या, "मला नाय जमायचं आता." त्यांच्यावर रागवावं की काय करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक काम राहिलं होतं. गेल्या महिन्यात मी ताईंचे सगळे कागद पिशवीत घातले आणि त्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. ताईंना सांगितलं नाही. नंबर लावला, दीड तास बसले. आत गेल्यावर कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि सांगितलं, होळीला तुम्ही शाब्बास म्हणालात, तेव्हा हे होतं.

त्यांनी कागद चाळले. "तेव्हा लक्षणं स्पष्ट नव्हती."

"पोट दुखतंय म्हणून आलो होतो आम्ही. तुम्ही पोटाला हात लावला नाहीत."

"हे बघा, लठ्ठ पेशंटमध्ये असं कळणं अवघड असतं." कागद माझ्याकडे सरकवले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुमचंही जरा वाढलंय हं. लक्ष द्या."

मला वाटलं होतं मी ओरडेन. घरून निघताना काय काय ठरवलं होतं. मी कागद उचलले आणि बाहेर आले.

बाहेर आठ-दहा जण बसले होते. कोपऱ्यात एक तिशीतली जाड बाई होती, चेहरा घामेजलेला, एक हात बरगडीखाली धरून बसलेली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिथं बसले. "कुठं दुखतंय?" मी विचारलं. ती दचकली. मग तिनं हातानं जागा दाखवली, "इथं. पाठीपर्यंत जातं. आठ दिवस झाले."

"आत गेल्यावर आधी ते सांगा," मी म्हटलं. "काट्यावर उभं राहा म्हणतील. म्हणायचं, आधी इथं बघा. हात लावून बघा म्हणायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वेडी आहे का, असं तिला वाटलं असणार. कंपाउंडर टेबलामागून म्हणाला, "बाई, तुमचा नंबर झालाय ना? मग जागा अडवू नका."

मी बसूनच राहिले.